रेंजबाहेरच्या रानात: शिकारीच्या मोहिमेसाठी उपग्रह-संपर्काचे यंत्र कसे निवडावे

अमेरिकेतील आयडाहो राज्यात फ्रँक चर्च–रिव्हर ऑफ नो रिटर्न नावाचा राखीव प्रदेश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २३ लाख एकर, म्हणजे आपल्या गोव्याच्या अडीचपट भरते. तेथील कायद्याच्या भाषेत तो ‘वाइल्डरनेस’ आहे; त्याला अभयारण्य म्हणणे बरोबर होणार नाही, कारण तेथे परवाना काढून शिकार करता येते. नदीतील जेटबोटी आणि लहान विमानांच्या काही जुन्या धावपट्ट्या सोडल्या, तर आत जायचे ते पायी किंवा घोड्या-खेचरांवरून, आणि मोबाइलची रेंज तर त्याच्या बऱ्याच आधी गेलेली असते. एल्क या मोठ्या हरणाच्या मागे अशा प्रदेशात पाच ते दहा दिवस राहणाऱ्याने बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी कोणते यंत्र बरोबर न्यावे, हा या लेखाचा विषय आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हे विवेचन उत्तर अमेरिकेपुरतेच आहे. तिकडे स्थायिक झालेल्या ज्या थोड्या मराठी मंडळींना हा नाद लागला आहे त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यापेक्षाही घरी फोनकडे डोळे लावून बसणाऱ्यांसाठी, ते लिहिले आहे.

दुकानात गेल्यावर बहुतेक जण ‘यांतले सर्वांत चांगले कोणते’ असे विचारतात आणि विक्रेता लाल एसओएस बटणाकडे बोट दाखवतो. ते बटण महत्त्वाचे आहेच; पण ते दाबण्याची वेळ बहुतेकांवर कधीच येत नाही, आणि साधे निरोप मात्र रोज पाठवावे लागतात. म्हणून खरेदीपूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात: पलीकडच्या टोकाला कोण असेल, त्याला आपण काय सांगणार आहोत, आणि त्याचे उत्तर आपल्यापर्यंत पोहोचणे गरजेचे आहे का. या तिसऱ्या प्रश्नावरच निम्मी निवड होऊन जाते.

पलीकडे कोण आहे?

माझ्या कागदावर चार नावे असतात. पहिले घरचे. त्यांना ‘सुखरूप आहे, तंबूवर पोहोचलो’ एवढाच निरोप रोज रात्री हवा असतो, आणि तो कोणतेही यंत्र पोहोचवते.

दुसरा माणूस म्हणजे पॅकर, घोडे आणि खेचरे घेऊन मांस डोंगरातून बाहेर काढणारा व्यावसायिक. यंत्राची खरी परीक्षा याच्याशी बोलताना होते. पूर्ण वाढलेल्या नर एल्कचे वजन ३०० किलोच्या आसपास असते; हाडे काढून टाकली तरी नव्वद-शंभर किलो मांस उरते, आणि ते दोघांनी पाठीवर वाहायचे ठरवले तर रस्त्यापर्यंतच्या खेपांत दोन दिवस सहज जातात. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरमध्ये असतो आणि तेव्हाची दुपार चांगलीच उबदार असते, म्हणजे मांस टिकवायला वेळ थोडा असतो. ‘जनावर पडले, या ठिकाणी आहे, उद्या सकाळी घोडे आणा’ हा निरोप गेला आणि त्यावर ‘उद्या जमत नाही, परवा दुपारी येतो’ असे उत्तर आले, तर मांस उत्तरेकडच्या सावलीत, ओढ्याजवळच्या गारव्यात टांगून ठेवण्याचा निर्णय त्याच क्षणी घेता येतो. उत्तर आलेच नाही, तर माणूस सकाळी घोड्यांची वाट पाहत बसतो आणि माश्या आपले काम करतात. केवळ एकतर्फी निरोप पाठवणारे यंत्र शिकाऱ्याला का पुरत नाही, याचे एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते.

तिसरा माणूस अलास्कात जाणाऱ्यांच्या कागदावर असतो: छोट्या विमानाने नदीकाठच्या वाळूवर उतरवून देणारा आणि ठरल्या दिवशी न्यायला येणारा वैमानिक. तेथे हवामानामुळे दोन-तीन दिवस उशीर होणे नवलाचे नाही. ढग किती खाली आले आहेत, नदी चढून वाळूची पट्टी बुडाली आहे का, वारा कोणत्या दिशेने आहे, हे त्याला विचारायचे असते आणि ते प्रश्न-उत्तर प्रश्न-उत्तर असेच पुढे सरकते. चौथे नाव बचाव पथकाचे. त्याविषयी पुढे सविस्तर येईल.

यंत्रांचे प्रकार

सर्वांत साधे यंत्र म्हणजे पीएलबी, अर्थात वैयक्तिक बीकन: संकटात आपले ठिकाण कळवणारे छोटे यंत्र. ते कॉस्पास-सार्सॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेशी जोडलेले असते. ही व्यवस्था उभारण्यासाठी १९७९ मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ हे देश शीतयुद्ध चालू असतानाच एकत्र आले, आणि १९८२ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडात कोसळलेल्या एका लहान विमानातील तिघे जण तिच्यामुळे सापडले. पीएलबी ४०६ मेगाहर्ट्झवर सुमारे ५ वॅट शक्तीने संकटाचा संकेत पाठवते आणि त्याच वेळी १२१.५ मेगाहर्ट्झवर एक क्षीण संकेत सोडत राहते, ज्याचा माग काढत हेलिकॉप्टर किंवा जमिनीवरील पथक शेवटचे काही अंतर कापते. त्याला मासिक वर्गणी नाही. बॅटरी चार्ज करायची नसते. ती पाच ते सात वर्षांनी बदलून घ्यावी लागते आणि एकदा सुरू केल्यावर थंडीतही किमान २४ तास चालली पाहिजे असा दंडक आहे. अमेरिकेत त्याची नोंदणी एनओएए या हवामान आणि महासागरविषयक सरकारी संस्थेकडे विनामूल्य होते आणि दर दोन वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. नोंदणी केलेली नसेल तर संकेत कोणाचा आहे आणि घरी कोणाला फोन करायचा, हे पलीकडे कळत नाही.

पीएलबीची मर्यादा त्याच्या साधेपणातच आहे. ते फक्त ‘वाचवा’ म्हणते. पाय मोडला, छातीत दुखते की अस्वलाने जखमी केले, हे सांगता येत नाही. अलीकडच्या काही मॉडेलांत युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांमार्फत ‘संकेत मिळाला’ अशी पोच दिव्याच्या रूपाने परत येते. पण तो संवाद नव्हे. मग त्याचा उपयोग काय? पुढे ज्याविषयी लिहिले आहे तो मेसेंजर हे मुख्य यंत्र असलेल्या माणसाने दुसरा आधार म्हणून पीएलबी पिशवीच्या तळाशी टाकून ठेवावे आणि विसरून जावे. आमच्यासारख्या विसरभोळ्या, चार्जर घरी ठेवून येणाऱ्या माणसांसाठी ते विशेष योग्य आहे.

दुसरा प्रकार दुतर्फा मेसेंजरचा, आणि बहुतेक शिकाऱ्यांनी खरेदीची सुरुवात येथूनच करावी असे माझे स्पष्ट मत आहे. गार्मिनचे इनरीच मिनी २ हे १०० ग्रॅमचे, त्याच कंपनीचे इनरीच मेसेंजर ११४ ग्रॅमचे आणि झोलिओ १५० ग्रॅमचे आहे. तिन्ही इरिडियम या कंपनीच्या उपग्रहांवर चालतात, छोटे मजकूर पाठवतात आणि घेतात, ठरावीक अंतराने आपले ठिकाण कळवतात आणि एसओएस बटण दाबल्यावर चोवीस तास चालणाऱ्या केंद्राशी लेखी संवाद करू देतात. ग्लोबलस्टार या दुसऱ्या कंपनीच्या उपग्रहांवर चालणाऱ्या स्पॉट मालिकेत मात्र खरेदीदाराने सावध राहावे: स्पॉट एक्स दुतर्फा आहे, पण स्पॉट जेन४ एकतर्फी आहे, आणि दुकानाच्या एकाच फळीवर ती शेजारी-शेजारी ठेवलेली असतात.

या गटात निवड करताना लोक वजनाची तुलना करीत बसतात. मी त्यापेक्षा एक वेगळी कसोटी लावतो: खिशातला फोन बंद पडला तर हे यंत्र एकट्याने किती बोलू शकते? यांतील बहुतेक यंत्रे फोनला ब्लूटूथने जोडून वापरायची असतात आणि लांब मजकूर फोनच्याच कळफलकावर लिहायचा असतो. मिनी २ वर बटणे दाबत एकेक अक्षर निवडून मजकूर लिहिता येतो. काम कंटाळवाणे आहे, पण होते. झोलिओवर फोनविना ‘सुखरूप’ आणि ‘एसओएस’ एवढेच उरते. ज्याचा फोन आधी ओढ्यात पडलेला आहे त्याला या फरकाची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

सॅटेलाइट फोन हा तिसरा प्रकार. वैमानिकाशी बोलायचे असेल, किंवा जखमी सोबत्याविषयी डॉक्टरांना लक्षणे सांगून सल्ला घ्यायचा असेल, तर आवाजाला पर्याय नाही. इरिडियमचा ९५७५ हा फोन पाव किलोच्या आत आहे. परंतु यंत्र आणि मिनिटे दोन्ही महाग पडतात, आणि दरीत कॉल मध्येच तुटतो, तेव्हा अर्धे वाक्य कोणत्या बाजूचे हरवले हे दोघांनाही कळत नाही. वर्षातून एकदा अलास्काला जाणाऱ्याने तो विकत न घेता भाड्याने घ्यावा. तशी सोय तेथे रुळलेली आहे.

चौथा पर्याय म्हणजे आपला नेहमीचा मोबाइल. आयफोन १४ पासून उपग्रहामार्फत आणीबाणीचा संदेश पाठवण्याची सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, २०२४ च्या आयओएस १८ बरोबर साधे संदेशही जाऊ लागले, गूगलच्या पिक्सेल ९ मध्ये उपग्रह एसओएस आला आणि जुलै २०२५ मध्ये टी-मोबाइलने स्टारलिंकच्या उपग्रहांवरची आपली सेवा सर्वांसाठी खुली केली. ‘आता वेगळे यंत्र कशाला?’ असा प्रश्न त्यामुळे वारंवार ऐकू येतो. उत्तरासाठी कंपनीचीच कागदपत्रे वाचावीत. अ‍ॅपल सांगते की ६२ अंश अक्षांशाच्या उत्तरेकडील भागांत, म्हणजे अलास्काच्या व कॅनडाच्या उत्तरेत, ही सेवा चालेलच असे नाही. कॅरिबू या उत्तरेकडच्या हरणाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेली ब्रूक्स पर्वतरांग ६८ अंशांच्या आसपास आहे. त्याच कंपनीने आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हे तापमान सांगितले आहे, आणि नोव्हेंबरमधील रॉकी पर्वत त्या आकड्यांचा मान ठेवत नाही. शिवाय नकाशा, कॅमेरा, विजेरी आणि परवान्याची प्रत हे सारे आधीच ज्या फोनवर अवलंबून आहे, त्याच्याच गळ्यात शेवटचा आधारही बांधायचा का, याचा विचार करावा. रस्त्यापासून एका दिवसाच्या आत फिरणाऱ्याला तो पुरेल. आठवडाभर जाणाऱ्याने त्याला जोडीदार समजावे, मुख्य यंत्र समजू नये.

उपग्रहावरून इंटरनेट देणारी स्टारलिंक मिनीची ताटलीही आता काही तळांवर दिसते. ती सुमारे १.१ किलोची असून २५ ते ४० वॅट वीज खाते. गाडीजवळच्या तळावर ठीक आहे, पण डोंगरावर ती वाहणाऱ्या खेचराचे मतही विचारात घ्यावे.

आकाशाचा कोणता तुकडा दिसतो?

जाहिरातीत ‘जगभर सेवा’ असे लिहिलेले असते आणि ते खोटे नसते. पण शिकारी जगभर उभा नसतो, तो एका विशिष्ट उताराच्या विशिष्ट झाडाखाली उभा असतो. म्हणून उपग्रह आकाशात कोठे असतात हे समजून घेतल्याशिवाय यंत्राची निवड पुरी होत नाही.

इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षांत फिरतात आणि एकमेकांशी थेट बोलतात, त्यामुळे खाली जवळपास भूकेंद्र असण्याची गरज नसते. एक उपग्रह एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत सुमारे नऊ-दहा मिनिटांत जातो. अरुंद दरीत उभ्या असलेल्या माणसाला त्यामुळे काही मिनिटे काहीच मिळत नाही आणि मग एकदम दोन संदेश येतात. हे यंत्र बिघडल्याचे लक्षण नव्हे, उपग्रह डोंगराआडून वर येण्याची वाट पाहावी लागते एवढेच. त्यांचे मार्ग साधारण उत्तर-दक्षिण असल्याने उत्तर-दक्षिण पसरलेल्या दरीत उपग्रह अधिक वेळ दिसतो, पूर्व-पश्चिम दरीत कमी.

ग्लोबलस्टारचे उपग्रह सुमारे १,४०० किलोमीटरवर असून त्यांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५२ अंशांनी कललेल्या आहेत, म्हणून उत्तर ध्रुवाकडे जाऊ तशी सेवा विरळ होत जाते. शिवाय ते आरशासारखे काम करतात: आपला संकेत घेऊन खाली दिसणाऱ्या भूकेंद्राकडे पाठवतात, आणि आपण व भूकेंद्र दोघेही एकाच उपग्रहाला एकाच वेळी दिसत नसू तर निरोप पुढे जात नाही. कोलोरॅडोच्या मोकळ्या कुरणात याने फारसा फरक पडत नाही, कॅनडाच्या उत्तरेकडील युकॉनमध्ये पडतो.

इन्मारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पृथ्वीबरोबर फिरतात, म्हणजे आपल्याला ते दक्षिणेकडे एकाच जागी स्थिर वाटतात. ४५ अंश अक्षांशावर, म्हणजे मोंटाना-आयडाहोच्या पट्ट्यात, असा उपग्रह क्षितिजापासून फार तर ३८ अंश वर दिसतो. ६५ अंशांवर, अलास्काच्या मध्यात, जेमतेम १७ अंश. आता एल्कचा स्वभाव पाहा. बंदुकांचे आवाज सुरू झाले की नर एल्क उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवरच्या दाट, अंधाऱ्या फर-स्प्रूसच्या जंगलात दडून बसतात. त्यांच्या मागे गेलेल्या शिकाऱ्याच्या दक्षिणेला संपूर्ण डोंगर उभा असतो आणि उपग्रह नेमका त्याच्या पाठीमागे असतो. समुद्रावर उत्तम चालणारा इन्मारसॅटचा फोन येथे खिशातले ओझे ठरतो. आखाती देशांत नोकरी केलेल्यांना थुरायाचे फोन ठाऊक असतात. त्यांची सेवा अमेरिका खंडांवर नाही, त्यामुळे एखाद्या नातेवाइकाने प्रेमाने दिलेला जुना फोन बरोबर नेण्यात अर्थ नाही.

थोडक्यात, जंगलातल्या उत्तर उतारांसाठी आणि उच्च अक्षांशांसाठी इरिडियम घ्यावे. झाडांची ओली पालवी आणि बर्फाने लगडलेल्या फांद्या कोणत्याही जाळ्याचा संकेत शोषतात, म्हणून महत्त्वाचा निरोप पाठवण्यापूर्वी पन्नास पावले चालून मोकळी जागा गाठणे हा उपाय सर्वांनाच लागू आहे.

थंडी, बॅटरी आणि यंत्राची जागा

लिथियम-आयन बॅटरी थंडीत आपली क्षमता गमावते, आणि निर्मात्याने दिलेले दिवस मोकळ्या आकाशाखालचे असतात. दर दहा मिनिटांनी ठिकाण पाठवताना मिनी २ साठी १४ दिवस आणि इनरीच मेसेंजरसाठी २८ दिवस असा दावा आहे. दाट झाडीत यंत्र उपग्रह शोधत राहते आणि तेवढ्या प्रमाणात बॅटरी अधिक खर्च होते. मी दावा निम्मा धरून हिशेब करतो, रात्री यंत्र आणि फोन दोन्ही झोपण्याच्या पिशवीत घेतो, आणि दहा हजार मिलीअँपियर-अवरची एक पॉवर बँक कपड्यांत गुंडाळून नेतो. ठिकाण दहाऐवजी तीस मिनिटांनी पाठवले तरी घरच्यांचे काही अडत नाही.

यंत्र पिशवीला लटकवू नये. जनावराच्या जवळ सरकताना शिकारी पाठीवरची पिशवी काढून एखाद्या झाडाखाली ठेवतो आणि पुढचे अर्धा-पाऊण किलोमीटर हलकेच जातो. पाय मुरगळतो किंवा माणूस घसरतो तो नेमका याच टप्प्यात. त्यामुळे यंत्र अंगावरच हवे. छातीवरील दुर्बिणीच्या पट्ट्याला, अँटेना आकाशाकडे करून, ते छान बसते. आणि एक बारीकशी पण अनुभवाने शिकलेली गोष्ट: त्याचा आवाज बंद करावा. चाळीस मीटरवर एल्क उभा असताना ‘जेवलास का?’ हा निरोप टिंग करून आला, तर पुढचा तास दोघांनाही शांतपणे विचार करायला मिळतो.

शिकारीचा कायदा आणि हे यंत्र

ही बाब यंत्राच्या पेटीवर लिहिलेली नसते. जनावराला पळण्याची न्याय्य संधी मिळाली पाहिजे, या तत्त्वावर तिकडचे शिकारीचे नियम उभे आहेत, आणि त्यामुळे अनेक राज्यांत संपर्कयंत्रांवर मर्यादा आहेत. मोंटानात दुतर्फा इलेक्ट्रॉनिक संपर्काचा वापर जनावराची शिकार करण्यासाठी करता येत नाही. अलास्कात संपर्कसाधने सुरक्षिततेसाठी चालतात, पण जनावर मिळवण्यास मदत म्हणून चालत नाहीत. ‘कळप खिंडीकडे वळला, तू वरून ये’ असा संदेश सोबत्याला पाठवणे म्हणूनच गुन्हा ठरू शकते, आणि संदेशावर वेळ व ठिकाण दोन्ही उमटलेले असते. जनावर पडल्यानंतर पॅकरला बोलावणे ही वेगळी गोष्ट आहे. नियमांची पुस्तिका दरवर्षी नव्याने निघते. ज्या राज्याचा परवाना काढला त्या राज्याची त्या वर्षीची पुस्तिका वाचावी आणि शंका राहिली तर वन्यजीव खात्याला आधीच विचारावे.

बटण दाबल्यावर काय होते?

मेसेंजरचे एसओएस दाबले की संदेश खासगी समन्वय केंद्रात जातो. गार्मिनचे केंद्र टेक्सासमधील मॉन्टगोमेरी येथे आहे. तेथील माणूस आधी विचारतो: काय झाले, किती जण, हालचाल करता येते का. मग तो त्या भागाच्या अधिकृत यंत्रणेला कळवतो, आणि पश्चिमेकडील बहुतेक राज्यांत ती यंत्रणा म्हणजे काउंटीचा (जिल्ह्याचा) शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, तर अलास्कात राज्याचे ट्रूपर, म्हणजे राज्य पोलीस. पीएलबीचा संकेत याउलट सरकारी वाटेने जातो आणि अलास्काबाहेरच्या मुख्य भूमीसाठी फ्लोरिडातील टिंडल हवाई तळावरच्या बचाव समन्वय केंद्रात पोहोचतो. दोन्ही वाटा शेवटी त्याच डोंगराशी, त्याच स्वयंसेवकांच्या पथकाशी येऊन मिळतात, आणि धुके असेल तर हेलिकॉप्टर दोन्हींसाठी उडत नाही.

म्हणूनच यंत्र हे प्रथमोपचाराला पर्याय नव्हे. जनावर सोलताना सुरी मांडीत किंवा हातात घुसणे आणि बाणाच्या पात्यांनी कापणे, या शिकारीतल्या नेहमीच्या दुखापती आहेत. रक्त मिनिटांत जाते आणि मदत तासांत येते, कधी दुसऱ्या दिवशी. रक्तस्राव रोखणारा टूर्निकेटचा पट्टा मेसेंजरच्याच खिशात असावा. मांस वाहून नेता येत नाही, वाट चुकली पण तंबू आणि अन्न जवळ आहे, किंवा कंटाळा आला, ही कारणे बटण दाबण्याची नव्हेत. त्यांसाठी साधा संदेश आहे.

पैशाचा प्रश्नही आधीच पाहून ठेवावा. सार्वजनिक पथके सहसा बिल पाठवत नाहीत, परंतु रुग्णवाहिका-हेलिकॉप्टर हा वैद्यकीय खर्च असतो आणि तो मोठा असू शकतो. कोलोरॅडोत शिकारीच्या परवान्यातून शोध-बचाव निधीला हातभार लागतो. तो निधी पथकांचा खर्च भरून देण्यासाठी आहे, तो तुमचा विमा नाही.

खरेदी आणि रंगीत तालीम

मेसेंजरची यंत्राइतकीच किंमत त्याच्या वर्गणीत असते. दर आणि अटी सतत बदलतात, म्हणून तीन प्रश्न विचारून घ्यावेत: हंगाम संपल्यावर सेवा थांबवता येते का आणि पुन्हा सुरू करायला किती पैसे पडतात, दरमहा किती मोकळे, म्हणजे हवा तो मजकूर लिहिता येणारे, संदेश मिळतात, आणि आधी लिहून ठेवलेले ठरावीक संदेश वेगळे मोजले जातात का. ‘तंबूवर सुखरूप’, ‘उशीर होईल, काळजी नको’ आणि ‘जनावर मिळाले, घोडे पाठवा’ हे तीन ठरावीक संदेश लिहून ठेवले की दहा दिवसांत मोकळे संदेश फारसे लागत नाहीत. मजकूर रोमन लिपीत लिहावा. साध्या एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात ती देवनागरीत ७० वर येतात, आणि बधिर बोटांना तेवढेही जड जाते.

यंत्र हंगामापूर्वी किमान महिनाभर आधी घ्यावे, खाते उघडून त्यात आपत्कालीन संपर्काची दोन नावे भरावीत, त्या दोघांना तसे सांगावे, सॉफ्टवेअर अद्ययावत करावे आणि एखाद्या शनिवारी गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन सगळा संवाद प्रत्यक्ष करून पाहावा. एसओएस दाबून चाचणी घेऊ नये. पीएलबीला स्वतंत्र स्व-चाचणीचे बटण असते. या तालमीत बहुधा असे आढळते की घरच्यांच्या फोनवर संदेश अनोळखी क्रमांकावरून आला आणि त्यांनी तो जाहिरात समजून पुसून टाकला. हे टेकडीवरच कळलेले बरे.

घरच्यांशी मौनाचाही करार करावा. ‘रात्री नऊपर्यंत संदेश येईल; नाही आला तर दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत काहीही करू नका; त्यानंतर या क्रमांकावर शेरीफला फोन करा आणि हा नकाशा द्या’ अशा शब्दांत तो कागदावर असावा, म्हणजे दरीत अडकलेला एक निरोप बचाव पथकाला डोंगरावर धाडत नाही. पुण्या-नाशिकला असलेल्या आईवडिलांना थेट या साखळीत जोडू नये असे मला वाटते. पर्वतीय प्रमाणवेळ भारताच्या साडेअकरा तास मागे आहे आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे मागे घेतल्यावर साडेबारा. तुमचा संध्याकाळचा चुकलेला निरोप त्यांची सकाळ घालवतो आणि शेरीफचा क्रमांक त्यांच्या काही कामाचा नसतो. ठिकाण दाखवणाऱ्या नकाशाची लिंकही मोजक्याच लोकांना द्यावी. तुमची शिकारीची जागा पुढच्या वर्षी तीच राहावी असे वाटत असेल तर विशेष.

भारतात नेऊ नये

हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीस संपतो आणि डिसेंबरच्या सुट्टीत आपली माणसे त्याच पाठपिशव्या घेऊन मुंबई-गोव्याची विमाने पकडतात. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे हा १८८५ च्या तार कायद्यानुसार आणि १९३३ च्या बिनतारी संदेशवहन कायद्यानुसार गुन्हा मानला गेला आहे, २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर याबाबतची करडी नजर अधिकच वाढली, आणि मेसेंजरही त्यातून सुटत नाहीत: डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला इनरीच जवळ असल्यामुळे ताब्यात घेण्यात आले होते. यंत्र बंद आहे, वर्गणी थांबवलेली आहे, किंवा ते केवळ डोंगरात वापरायचे आहे, हे सांगून तपासणीच्या रांगेत उपयोग होत नाही. दूरसंचार विभागाची लेखी परवानगी नसेल तर सामान भरण्यापूर्वी दुर्बिणीचा पट्टा, पिशवीचा वरचा कप्पा आणि तळाशी टाकून विसरलेले ते पीएलबी, तिन्ही जागा रिकाम्या करून पाहाव्यात आणि यंत्रे अमेरिकेतल्या घराच्या कपाटात ठेवून निघावे.